आयर्लंडमधील शेतकरी पूर्वजांचा शोध : आडनावामागे जावे की जमिनीमागे?

मृण्मयी_ओहायो

नमस्कार मंडळी,

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले आहे आणि सासर अमेरिकेतील क्लीव्हलंडचे. मात्र सासरची मंडळी मूळची आयरिश आहेत. लेकीला शाळेत दोन्हीकडची वंशावळ मांडायला सांगितली, तेव्हा माझ्या बाजूचे काम एका संध्याकाळी झाले, कारण काकांनी पूर्वीच नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीतून नऊ पिढ्या उतरवून आणल्या होत्या. तिच्या बाबांची बाजू मात्र १८८४ च्या सुमारास क्लीव्हलंडला आलेल्या एका तरुणापाशी येऊन थांबते.

आमच्याकडे त्याच्याविषयी फार थोडी माहिती आहे. त्याचे नाव पॅट्रिक होते, तो मेयो काउंटीतला होता आणि त्याचे वडील शेती करत. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. मेयोत ते आपल्याकडच्या जाधवांइतके सर्रास आढळते, एवढे सांगितले म्हणजे अडचण लक्षात यावी. त्याशिवाय घरात दोन कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. एक अशी की तो वेस्टपोर्टचा होता, आणि दुसरी अशी की जमीनदाराने त्यांना घराबाहेर काढले म्हणून तो बोटीवर चढला.

पैसे भरून पाहायच्या एका संकेतस्थळावर नाव टाकले, तर पानेच्या पाने पॅट्रिक समोर आले. माझा प्रश्न असा आहे की सुरुवात चर्चच्या नोंदींपासून करावी की जमिनीच्या? आणि १९२२ मध्ये सगळी दप्तरे जळाली असे जे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

शंकेखोर

जळाली, हे खरे आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चारही जनगणनांचे कागद थोडेफार तुकडे वगळता तिथेच संपले. लेकीला सांगा की बाबांच्या बाजूला एकच पॅट्रिक आहे आणि तो पुरेसा आहे.

गॉलवेकर

शंकेखोरांनी सांगितलेली घटना खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी चौदा वर्षे इथे पश्चिम आयर्लंडमध्ये राहतो आणि शेजाऱ्यांच्या हौसेपायी या दप्तरांत बराच वेळ घालवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सगळेच नुकसान आगीने केलेले नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे कुटुंबवार कागद सरकारी आदेशानेच नष्ट केले गेले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे लगद्यासाठी गेले. त्यामुळे संपूर्ण स्वरूपात हाती येणाऱ्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या आहेत, आणि त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

दुसरी गोष्ट अशी की जे कागद त्या इमारतीत नव्हतेच, ते वाचले. कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील गावांच्या, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या धर्मगुरूंकडेच असत. त्यांची सूक्ष्मचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सर्वांना लागू झाली, आणि त्याही वह्यांची पाने सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात.

शेतकऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे ते जमिनीचे कागद, आणि तेही वाचले आहेत. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात साऱ्या देशातील जमिनीचे आणि घरांचे कर-मूल्यांकन छापून निघाले. त्यात प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कोण कसतो, ती त्याला कोणी दिली, क्षेत्र किती आणि मूल्य किती, हे ओळीने दिलेले आहे. त्याआधीची पायरी म्हणजे १८२३ ते १८३७ या काळातील टाइद, म्हणजे चर्चच्या दशमांश कराची आकारणी पुस्तके. जनगणना हरवल्यामुळे या दोन करवह्याच आता जनगणनेच्या जागी वापराव्या लागतात.

तेव्हा मृण्मयीताई, माझे उत्तर जमीन असे आहे. मात्र त्यासाठी टाउनलँडचे नाव हवे. टाउनलँड हे इथले सर्वांत लहान महसुली एकक असून देशात अशी साठ हजारांहून अधिक एकके आहेत. आपल्या कोकणातली वाडी डोळ्यांसमोर आणली की बरोबर कल्पना येते. नुसते ‘मेयो’ म्हणणे म्हणजे ‘आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्हा’ म्हणण्यासारखे आहे.

बोरकूट

वेस्टपोर्टच्या कथेबरोबर समुद्री चाच्यांची राणी ग्रान्या निव्हॉल्या हिचे रक्त असल्याची कथा अजून कशी आली नाही, याचे आश्चर्य वाटते. मेयोतल्या प्रत्येक घराण्यात ती असते, जसा आपल्याकडचा प्रत्येक मूळपुरुष पानिपतावर लढलेला असतो.

मृण्मयी_ओहायो

बोरकूट, ती कथा आहे. सासूबाई वाचतील म्हणून लिहिली नव्हती.

जुनेदप्तर

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो असून आयर्लंड कधी पाहिलेले नाही, तरी गॉलवेकरांचे वर्णन वाचून घरी आल्यासारखे वाटले. ज्याने कसली तो आणि ज्याची होती तो, हे दोन रकाने वेगळे असले की निम्मा इतिहास तिथेच कळतो. ग्रिफिथमध्ये ज्याने जमीन दिली असे लिहिलेले असते, तो खरा जमीनदारच असतो की मधला कोणी?

गॉलवेकर

जुनेदप्तर, नेमक्या जागी बोट ठेवलेत. त्या रकान्यातील माणूस हा लगतचा पट्टा देणारा असतो आणि तो पुष्कळदा मधला पट्टेदारच निघतो. स्वतः मोठ्या इस्टेटीकडून जमीन घेऊन लहान तुकडे पुढे कुळांना देणारा. त्या रकान्यात ‘इन फी’ असे शब्द असतील, तरच कसणारा स्वतः मालक समजावा, आणि असे लहान शेतकरी त्या काळी दुर्मीळ होते. इस्टेटीचा खरा मालक कळला, तर तिचे भाडेवसुलीचे कागद कुठे जपलेले आहेत ते शोधता येते, म्हणून हा भेद महत्त्वाचा आहे. विकलो काउंटीतील कूलॅटिन येथील फिट्झविल्यम इस्टेटीच्या वह्यांत तर १८४७ ते १८५६ या काळात इस्टेटीच्या खर्चाने कॅनडाला पाठवलेल्या कुटुंबांच्या याद्या आहेत. अर्थात असे नशीब सर्वांचे नसते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. ग्रिफिथमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव येते. बापाच्या घरात राहणारा लग्नाचा मुलगा, भाडेकरू म्हणून खोलीत राहणारा मजूर किंवा दुसऱ्याच्या शेतावरचा गडी त्यात नसतो. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असे समजू नये.

निवृत्त_मोजणीदार

क्षेत्रफळाविषयी दोन शब्द लिहितो, कारण इथे पुष्कळ लोक फसतात.

ग्रिफिथमध्ये क्षेत्र एकर, रूड आणि पर्च अशा तीन रकान्यांत असते. चार रूडांचा एकर आणि चाळीस पर्चचा रूड होतो. म्हणजे आपल्या हिशेबाने एक रूड दहा गुंठे आणि एक पर्च पाव गुंठा. इथपर्यंत सोपे आहे. परंतु त्याआधीच्या टाइदच्या पुस्तकांत पुष्कळ ठिकाणी आयरिश एकर वापरलेला आहे, आणि तो नेहमीच्या एकराच्या सुमारे १.६२ पट असतो. आजोबांच्या नावावर दहा एकर आणि वडिलांच्या नावावर सोळा एकर दिसले, की घराण्याची भरभराट झाली असे लोक आनंदाने लिहून टाकतात. जमीन तीच असते आणि फक्त माप बदललेले असते.

नकाशांबाबतही जपावे. ग्रिफिथच्या पुस्तकातला क्रमांक नकाशावरील तुकड्याला जुळतो, पण संगणकावर मिळणारे नकाशे पुष्कळदा नंतरच्या दुरुस्तीचे असतात, त्यामुळे क्रमांक आणि हद्दी सरकलेल्या असू शकतात. क्रमांकापुढचे मोठे अक्षर जमिनीचा वेगळा तुकडा दाखवते आणि लहान तिरके अक्षर घर दाखवते. हे ठाऊक नसले, तर एकाच शेतकऱ्याचे दोन शेतकरी होतात.

सौदामिनी

सर्व काही जमिनीवर सोपवू नये, असे मला वाटते. जमिनीच्या नोंदींत स्त्री दिसते ती विधवा झाल्यावर. चर्चच्या नोंदीत ती पहिल्यापासून असते आणि तीही माहेरच्या आडनावासह. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याची पद्धत होती, आणि एकाच नावाचे दहा जॉन वेगळे करायला त्यांच्या बायकांच्या माहेराइतके उपयोगी दुसरे काही नाही.

माझी नणंद कॉर्कच्या कुटुंबात दिली आहे, त्यामुळे हे काम मी केले आहे. काही गोष्टी स्वतःच्या चुकांतून शिकले. नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात, म्हणून जेम्सचा जेकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मस. जी बाई वहीत ब्रिजेट असते, ती अमेरिकेत डीलिया होते, आणि होनोराची नोरा होते. आडनावामागचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी असतात, कधी गळतात, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदींत दोन्ही प्रकार दिसतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई, त्यामुळे वराच्या पॅरिशमध्ये ते सापडले नाही म्हणून रडत बसू नये. शिवाय लेंटच्या उपवासाच्या काळात लग्ने होत नसत, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यांत लग्नांची झुंबड उडे; आपल्याकडे शिमग्याच्या आधी उरकून घ्यावे तसे. फेब्रुवारीची पाने आधी पाहिली, तर बराच वेळ वाचतो.

बाप्तिस्म्याचे साक्षीदारही टिपून ठेवावेत. ते बहुधा मामा, मावशी, काका किंवा आत्या असतात.

शंकेखोर

पण या वह्या सुरू कधी होतात, तेही सांगावे. पश्चिमेकडील गरीब पॅरिशांत पुष्कळ ठिकाणी त्या १८३० किंवा १८४० नंतरच सुरू होतात, आणि मध्ये पाने गायब असतात ती वेगळीच.

सौदामिनी

ते मान्य आहे. म्हणून तर त्यापलीकडे जमिनीच्या वह्यांचा आधार घ्यावा लागतो. माझा आक्षेप फक्त क्रमाबद्दल होता.

दर्यावर्दी

क्रमाचाच विषय निघाला आहे, तर माझे मत दोघांहून वेगळे आहे. सुरुवात आयर्लंडमध्ये करूच नये, ती क्लीव्हलंडमध्ये करावी. टाउनलँडचे नाव आयर्लंडच्या कागदांत शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे आहे. पण तो माणूस अमेरिकेत मेला, पुरला गेला आणि त्याचे लग्नही तिथेच झाले. त्या सगळ्या प्रसंगी कोणीतरी त्याला ‘गाव कोणते?’ असे विचारलेच असणार.

१९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा फक्त ‘आयर्लंड’ असते, तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. चर्चमधील लग्नाची नोंद, थडग्यावरचा मजकूर आणि स्थानिक वर्तमानपत्रातील मृत्युलेख यांत मात्र मूळ पॅरिश सापडू शकते. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात तर १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत, आणि त्यांत गावापासून बोटीपर्यंत सर्व काही असे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदारांची ओळख पटवण्यासाठी मूळ गाव, आईवडील आणि बोट यांची माहिती वह्यांत लिहून घेतली होती. पॅट्रिक न्यूयॉर्कमध्ये काही काळ राहिला असेल, तर तिथेही पाहावे.

वेस्टपोर्टच्या कथेबद्दल एवढेच म्हणेन की परदेशात माणूस आपल्या वाडीचे नाव सांगत नाही, जवळच्या बाजारपेठेचे सांगतो. कुडाळच्या पुढच्या वाडीतला माणूस शिकागोत ‘आम्ही गोव्याजवळचे’ म्हणतो, तसे ते असते.

आणखी एक धागा सुचतो. १८८२ ते १८८४ या काळात जेम्स हॅक ट्यूक यांच्या समितीने मेयो आणि गॉलवेतील गरीब कुटुंबांना खर्च देऊन अमेरिकेला पाठवले होते. तुमचे साल त्यात बसते. मात्र तिथे मुख्यतः संपूर्ण कुटुंबे पाठवली गेली. तुमचा पॅट्रिक एकटा आला असेल, तर शक्यता कमी आहे.

बोरकूट

शंका विचारतो. जनगणनेतील वये खरी असतात का? माझ्या एका मित्राच्या आयरिश पणजीचे वय १९०१ मध्ये ५६ आणि १९११ मध्ये ७१ आहे. दहा वर्षांत पंधरा वर्षे म्हातारी होण्याइतका तिचा नवरा त्रासदायक होता का?

गॉलवेकर

नवरा निर्दोष असावा. १९०८ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरजूंना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि साऱ्या आयर्लंडचे वय एकाएकी वाढले. गंमत अशी की या मंडळींच्या जन्माची सरकारी नोंद नव्हती, कारण नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. मग पुरावा काय द्यावा? पुष्कळांनी सांगितले की ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे मोठे वादळ आपल्याला आठवते, तेव्हा आपण खाण्यापिण्याइतके मोठे होतो.

यातून शोधकांचा मात्र फायदा झाला. वय सिद्ध करण्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत कुटुंब शोधून देण्याचे अर्ज लोकांनी केले, आणि अधिकाऱ्यांनी सापडलेल्या नोंदी त्या अर्जांवर लिहून ठेवल्या. मूळ जनगणना १९२२ मध्ये जळाली, अर्ज राहिले. राष्ट्रीय अभिलेखागाराने ते संकेतस्थळावर ठेवले आहेत, आणि अर्जात आईवडिलांची नावे व टाउनलँड असे दोन्ही असते. म्हणजे जळालेल्या जनगणनेचे काही तुकडे म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनामुळे वाचले.

शंकेखोर

हे मला ठाऊक नव्हते. माझा पहिला प्रतिसाद थोडा मागे घेतो. पूर्ण घेत नाही.

मृण्मयी_ओहायो

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले आहे आणि सांगण्यासारखे बरेच आहे.

दर्यावर्दींचे ऐकले आणि आधी इथल्या चर्चमध्ये गेले. तिथल्या लग्नाच्या वहीत पॅट्रिकच्या वडिलांचे नाव जॉन असे होते, आईचे नाव ब्रिजेट आणि तिचे माहेरचे आडनावही होते, आणि धर्मगुरूंनी समासात त्याची आयर्लंडमधील पॅरिश लिहून ठेवली होती. ती वेस्टपोर्टपासून काही मैलांवर आहे. त्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वहीत जॉन आणि ब्रिजेट यांची पाच मुले सापडली, तीही आईच्या त्याच आडनावासह आणि टाउनलँडच्या नावासह. पॅट्रिक तिसरा आहे. सौदामिनी, आईच्या आडनावाशिवाय हे मुळीच जमले नसते.

आता अडचण अशी आहे की ग्रिफिथमध्ये त्या टाउनलँडमध्ये त्याच नावाचे दोन जॉन आहेत. एकाच्या नावापुढे कंसात ‘मायकेल’ आहे आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘रेड’ आहे. यांतला आमचा कोणता?

जुनेदप्तर

कंसातला मायकेल हे वडिलांचे नाव असावे. दोन एकनावी खातेदार असले, की आम्हीसुद्धा तेच करत असू.

गॉलवेकर

जुनेदप्तर म्हणतात तेच खरे आहे. ‘रेड’ म्हणजे लाल केसांचा. आता नावे ठेवण्याची जुनी रीत पाहा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसऱ्या मुलीला वडिलांच्या आईचे, असा साधारण क्रम असे. मृण्मयीताई, पाच भावंडांतील थोरल्या मुलाचे नाव काय आहे?

मृण्मयी_ओहायो

मायकेल!

शंकेखोर

उद्गारचिन्हाची घाई करू नका. ती रीत होती, कायदा नव्हता. लाल केसांच्या जॉनच्या वडिलांचे नावही मायकेल असू शकते. मेयोत मायकेल काय थोडे होते? आणि आधीचा एखादा मुलगा लहानपणीच वारला असेल, तर सगळा क्रम बिघडतो.

निवृत्त_मोजणीदार

शंकेखोर बरोबर बोलत आहेत. नावावरून अंदाज करता येतो, पण खात्री तुकड्याच्या क्रमांकावरून होते. ग्रिफिथनंतर जमीन हस्तांतरित होत गेली, त्याच्या दुरुस्तीच्या नोंदी कुठेतरी असणारच. जगातले कोणतेही महसूल खाते फेरफाराशिवाय चालत नाही.

गॉलवेकर

अशा नोंदी आहेत, आणि माझ्या मते साऱ्या आयर्लंडमधील सर्वांत सुंदर दप्तर तेच आहे. मूल्यांकन कार्यालयाने ग्रिफिथनंतर दुरुस्ती-वह्या ठेवल्या. खातेदार बदलला, की जुने नाव खोडून वर नवे नाव लिहायचे आणि बाजूला साल टाकायचे. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या रंगाची शाई वापरत, म्हणून कोणता बदल कोणत्या वर्षीचा ते रंगावरून जुळवता येते. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत ही सारी गंमत नाहीशी होते. मूल्यांकन कार्यालय २०२३ पासून टाल्ट्या एरन या संस्थेचा भाग झाले असून या वह्या डब्लिनमध्ये पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या अशाच वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत, पण मेयो त्यात येत नाही. पुढच्या आठवड्यात माझे डब्लिनला काम आहे. टाउनलँडचे नाव आणि दोन्ही क्रमांक मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

अपर्णा१९

थोडे विषयांतर करते. जमीनदाराने बाहेर काढल्याची जी कथा आहे, ती मेयोच्या बाबतीत अगदी शक्य वाटते. कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीगची सुरुवात १८७९ मध्ये मेयोतल्याच कॅसलबारला झाली. तिचे प्रणेते मायकेल डेव्हिट हे मेयोतल्या स्ट्रेडचे होते आणि लहानपणीच त्यांच्या कुटुंबाला घराबाहेर काढले गेले होते. पुढच्याच वर्षी लॉक मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न यांचा मुनीम कॅप्टन बॉयकॉट याच्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्याचे आडनाव जगभरच्या भाषांत गेले. मराठी वर्तमानपत्रांतही ते आपण रोज वाचतो.

गॉलवेकर

अपर्णा, शक्य आहे, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. अमेरिकेत गेलेल्या पिढ्यांत हकालपट्टीची कथा फार सांगितली जाते, आणि तिची कारणेही खरी आहेत. दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, पाव एकराहून अधिक जमीन असलेल्याने ती सोडल्याशिवाय सरकारी मदत मिळणार नाही असा नियम झाला. मोजणीदारांच्या भाषेत एक रूड, म्हणजे दहा गुंठे. शिवाय ४ पौंडांपर्यंत मूल्य असलेल्या जोताचा, गरिबांच्या मदतीसाठी घेतला जाणारा कर जमीनदाराला भरावा लागे, त्यामुळे लहान कुळे हटवण्यात त्याचा फायदा होता. टाइदच्या पुस्तकात असलेली पुष्कळ नावे ग्रिफिथमध्ये दिसत नाहीत, ती यामुळेही.

पण दुष्काळानंतर आणखी एक बदल झाला. त्याआधी बाप मुलांना जमीन वाटून देई आणि तुकडे लहान होत जात. नंतर जमीन अखंड एकाच मुलाला देण्याची रीत पक्की झाली. उरलेल्यांनी बोट धरायची. १८८४ मध्ये एकट्या आलेल्या तिसऱ्या अपत्याकडे पाहिले, की मला जमीनदाराआधी थोरला भाऊ आठवतो.

बोरकूट

म्हणजे आपल्याकडे वाटणी होऊन भांडणे होतात आणि तिकडे वाटणी न होऊन अमेरिका होते.

गॉलवेकर

दुरुस्ती-वही पाहून आलो. मृण्मयीताईंच्या परवानगीने इथे लिहितो.

‘मायकेल’ असा कंस असलेल्या जॉनचा तुकडा सुमारे अकरा एकरांचा आहे. त्याच्या नावावर रेघ मारून वर ब्रिजेट असे लिहिले आहे आणि बाजूला १८७९ साल आहे. पुढे ब्रिजेटच्या नावावर रेघ मारून मायकेल आला आहे, आणि तोच विसाव्या शतकात बराच काळ राहिला आहे. शेवटी ‘एल. ए. पी.’ असा शिक्का आहे. जमीन-खरेदी कायद्याखाली जमीन विकत घेतल्याची ती खूण आहे. ‘रेड’ जॉनच्या तुकड्यावर मात्र १८६० च्या दशकातच वेगळ्याच आडनावाचा माणूस आला आहे.

एक लक्षात ठेवावे की वहीतले साल मृत्यूचे नसते, ते नोंद दुरुस्त झाल्याचे असते. दुरुस्ती काही वर्षे उशिराने होऊ शकते, तेव्हा मृत्यूची नोंद १८७९ पासून मागे मागे शोधत जावे.

मृण्मयी_ओहायो

सापडली! मार्च १८७६ ची आहे. जॉन, शेतकरी, वय ६६, विवाहित. माहिती देणारी म्हणून ब्रिजेटचे नाव आहे आणि त्यापुढे सहीऐवजी फुली आहे. मृत्यूच्या वेळी आपण हजर होतो, असे तिने सांगितले आहे. लेकीने ती फुली पडद्यावर मोठी करून पुष्कळ वेळ पाहिली.

त्यानंतर १९११ ची जनगणना उघडली. मायकेल त्याच टाउनलँडमध्ये आहे, बायको आहे, आणि त्या वर्षीच्या तक्त्यात लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि किती हयात आहेत हे विचारलेले असल्यामुळे नऊ मुले झाली आणि सात हयात असल्याचे कळले. घराच्या तक्त्यात गवती छप्पर आणि समोर तीन खिडक्या आहेत. शेतीच्या इमारतींच्या तक्त्यात एक गोठा आणि एक डुकरांचे खुराडे आहे. वंशावळीत एवढे तपशील मला सातारच्या बाजूला कुठेच मिळाले नव्हते. तिथे फक्त पुरुषांची नावे आहेत.

राहिली हकालपट्टीची कथा. जमीन बापाकडून आईकडे आणि आईकडून थोरल्याकडे सरळ गेली, म्हणजे कोणी त्यांना काढले नव्हते. सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या थोड्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या की वही चुकली असेल.

शंकेखोर

सासूबाईंच्या बाजूने मी उभा राहतो. हकालपट्टीचा हुकूम बजावल्यानंतर त्याच कुटुंबाला त्याच घरात राखणदार म्हणून परत बसवण्याची पद्धत त्या काळात होती. कर-वहीला त्याचे सोयरसुतक नसते. जमीन ज्याच्या ताब्यात दिसते, त्याचे नाव तिथे राहते. तेव्हा वहीत खंड नाही म्हणून दारात बेलीफ कधी आलाच नाही, असे म्हणता येत नाही.

गॉलवेकर

शंकेखोरांचा हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. मृण्मयीताई, १८७९ ते १८८४ या काळातील मेयोची स्थानिक वर्तमानपत्रे आणि इस्टेटीचे कागद पाहायचे राहिले आहेत. त्या तुकड्याच्या रकान्यात पट्टा देणाऱ्याचे जे नाव आहे, ते मी तुम्हाला निरोपात पाठवले आहे; तिथून सुरुवात करा.

मृण्मयी_ओहायो

करते. तोपर्यंत लेकीच्या तक्त्यावर बोटीचे चित्र ठेवले आहे, आणि जमीनदाराची जागा पेन्सिलीने आखून रिकामी सोडली आहे.